किटलीची दुसरी बाजू

“हे उलटं वाजतंय,” मी म्हणाले आणि हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

शेजारच्या टेबलावर मंदा आहेर होती. तिनं एकाच कानावरचा हेडफोन बाजूला सरकवला. “काय?”

“दुसरी बाजू. अख्खी उलटी भरली गेलीय.”

“शालन, इंग्रजी आहे ते. तुला सुलट तरी कळतं का, उलटं कळायला?”

बोलली ते खरं होतं. नववीत मला इंग्रजीनंच घरी बसवलं होतं. त्यानंतर जे काही शिकले ते कानांनी. पण कानांवर माझा भरवसा होता, आणि त्या गुरुवारी सकाळी साडेदहाला कान म्हणत होते, काहीतरी गडबड आहे.

ही गोष्ट सन शहाण्णवची. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत कॅसेटचा एक कारखाना होता, तिथे आम्ही दोघी ऐकणीच्या खोलीत कामाला होतो. कारखान्याचं नाव सांगून आता उपयोग नाही, त्या जागेवर मंगल कार्यालय उभं आहे. अभंग, लावण्या, प्रवचनं, सिनेमाची गाणी, सगळं आमच्याकडे भरलं जायचं. परदेशी कॅसेटीही परवान्यानं भरायच्या. तासाला एक खोकं आमच्यासमोर यायचं, त्यातला एक नग उचलायचा, दोन्ही बाजू सुरुवातीला, मधे आणि शेवटी ऐकायच्या, खोक्यावर खूण करायची. नवा माल सुरू झाला की मात्र त्याचा पहिला नग सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकून चिठ्ठीवर सही करायची असा नियम. लोकांना वाटायचं, मजा आहे ह्यांची, पगार घेऊन गाणी ऐकतात. त्यांना एकदा दिवसभर पाढ्यांची कॅसेट ऐकायला बसवायला हवं होतं.

त्या आठवड्यात ‘किटली’चा माल चालू होता. त्याची तासातासाची खोकी तोवर मंदाच्या टेबलावर जात होती, माझ्यासमोर त्या दिवशी पहिल्यांदाच आलं होतं. हे आमचं नाव. खरं नाव ‘द मॉस लँटर्न्स’, म्हणे विलायतेतल्या चार पोरांचा बँड. वेष्टनावर एक मोठी किटली, तिच्या चोचीतून चहाऐवजी फुलपाखरं पडतायत, आणि खाली कपात ही चार पोरं पाय सोडून बसलेली. त्यांचा हा पहिलाच अल्बम. ऑफिसात ह्या संगीताला सायकेडेलिक म्हणायचे. तीस वर्षांपूर्वी असं खूप चालायचं आणि आता ह्या पोरांनी ते पुन्हा उकरून काढलंय, एवढंच आम्हाला सांगितलं होतं. आवाज विहिरीत पडल्यासारखे घुमायचे, गिटार मधेच लांबट व्हायची, कुठेतरी तंबोरा लागायचा. मला वाईट नव्हतं वाटलं. दुपारी डुलकी लागताना जसं सगळं जवळ आणि लांब एकदमच वाटतं, तसं काहीसं होतं ते.

“जाऊ दे ना,” मंदा म्हणाली. “त्यांचं तसंच असेल.”

“ऐक तरी.” मी तिला हेडफोन दिला. “भांडं पडलं की आधी टण्ण होतं, मग आवाज विरत जातो, हो ना? इथे आधी आवाज उगवतो, फुगत येतो, आणि टण्ण होऊन बंद पडतो. प्रत्येक ठोका तसा.”

तिनं दोन मिनिटं ऐकलं. ऐकताना ती माझ्याकडे नाही, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. “मला नाही तसं काही वाटत,” म्हणाली आणि हेडफोन परत दिला.

पॅकिंगच्या कौसाबाई खोकं न्यायला आल्या होत्या. त्या आमच्यात सगळ्यांत मोठ्या, त्यांच्या जिभेला हाड नव्हतं. “काय झालं गं?”

“कॅसेट उलटी आहे म्हणते ही,” मंदा म्हणाली.

“म्हंजी पायाळू निघाली का? मग बरंच की. पायाळूची लाथ बसली की कंबरेची चमक जाते. आण इकडं, लाव माझ्या कंबरेला.”

सगळ्या हसल्या. मीही हसले. पण खोक्यावर खूण केली नाही, आणि भिंतीवरचं लाल बटण दाबलं. ते दाबलं की सुपरवायझर यायचा.

ते बटण मी चार वर्षांत दुसऱ्यांदा दाबत होते. चार वर्षं मी तिथे होते, पण सात महिने काम आणि मग घरी, पुन्हा नव्यानं अर्ज, असं. माझी मुलगी शाळेत सांगायची, आई कधी कधी कामाला जाते. परवा, म्हणजे शनिवारी, कायम होणाऱ्यांची यादी लागणार होती. ऐकणीच्या खोलीसाठी एक जागा होती, आणि तिच्यावर नावं दोन, माझं आणि मंदाचं. आम्ही ठरवलं होतं, जिला मिळेल तिनं दुसरीला मिसळ खायला घालायची आणि दुसरीनं रडायचं नाही. ज्येष्ठता माझी जास्त होती. जागा मलाच मिळेल असं सगळ्यांनी, मंदानंसुद्धा, धरलं होतं.

सुपरवायझर खैरनार आले. माणूस वाईट नव्हता, पण गाडी सुटायच्या आदल्या दिवशी चांगल्या माणसालाही चांगलं राहणं जड जातं.

“काय बाई?”

मी सांगितलं. त्यांनी उभ्याउभ्याच हेडफोनचं एक टोक कानाला लावलं.

“अहो, ही त्यांची स्टाईल आहे. पहिल्या बाजूलापण गिटार उलटी आहे, मी स्वतः ऐकलीय.”

“तिथे गिटार उलटी आहे साहेब, पण तिच्याखाली ड्रम सरळ चाललाय. ते मुद्दाम केलंय. इथे ड्रमपण उलटा आहे आणि माणूसपण उलटा आहे.”

“माणूस उलटा?”

“श्वास. पहिल्या बाजूला तो पोरगा ओळ म्हणायच्या आधी हवा आत घेतो. इथे ओळ संपली की हवा सोडतोय. असं कोण गातं?”

खैरनारांनी माझ्याकडे पाहिलं, मग मंदाकडे पाहिलं. मंदा खोक्यांची चिकटपट्टी सरळ करत होती.

“बाई, अकरा हजार नग भरून झालेत. उद्या बारा वाजता गाडी मुंबईला जाणार. तुमच्या त्या श्वासावर मी लाइन थांबवू?”

“हो.”

“आणि तुमचं चुकलं तर? परवा काय आहे, लक्षात आहे ना?”

“आहे.”

“तर मग?”

“तर मग थांबवा,” मी म्हणाले.

त्यांनी कपाळ चोळलं. “लाइन थांबणार नाही. एक वाजता सबनीस साहेब येतायत. तोपर्यंत मला सिद्ध करून दाखवा. नाही जमलं तर खोक्यावर खूण करायची आणि परत हा विषय काढायचा नाही.”

ते गेले. मंदा म्हणाली, “कशाला गं ओढवून घेतेस? दोन दिवस राहिलेत. दोन दिवस फक्त गप बसायचं होतं.”

“मी ऐकलंय ते. आता न ऐकल्यासारखं कसं करू?”

“करतात माणसं,” मंदा म्हणाली. आणि मग हळू आवाजात, “सगळीच करतात.”

सिद्ध करायचं म्हणजे कसं? इंग्रजी कळणारं आमच्या मजल्यावर कोणी नव्हतं. मूळ रीळ चढवायचे त्या मास्टरच्या खोलीतले निकम म्हणाले, रीळ नेहमीसारखंच चढवलं, आमच्याकडे चूक होत नाही. त्यांचं यंत्र मालात गुंतलेलं होतं आणि रीळ उलटं वाजवायला दुसरं यंत्र नव्हतं. साडेअकरा झाले. पावणेबारा झाले. मी खोकी ऐकत होते आणि हात आपोआप चालत होते, आणि अशातच समोरून वाईट मालाचा ट्रे गेला, त्यावरच्या चिठ्ठीवर ‘पीळ’ लिहिलेलं होतं.

आता पीळ म्हणजे काय ते सांगते. फीत कॅसेटच्या डबीत भरताना कधी कधी यंत्राकडून तिला अर्धा पीळ बसतो आणि पूर्ण फीत पाठमोरी भरली जाते. दिवसाला असे पाचदहा नग निघायचेच. असा नग लावला की एका बाजूवर दुसऱ्या बाजूचं गाणं ऐकू येतं, तेही उलट्या दिशेनं, गोधडीखालून आल्यासारखं दबकं. आमच्या कामातली ही रोजची कटकट. आम्ही पहिल्या सेकंदाला ओळखायचो आणि फेकून द्यायचो.

मी हातातली कॅसेट तशीच धरून बसले. पिळाचा नग दुसरी बाजू उलटी वाजवतो. आणि ही दुसरी बाजू जर मुळातच उलटी असेल, तर पिळाच्या नगात ती सरळ वाजेल.

“मंदा, किटलीचे पिळाचे नग कुठे गेले?”

“कालचे? भंगारात गेले असतील.”

भंगारची गाडी साडेबाराला यायची. बाराची सुट्टी झाली तशी मी डबा न घेताच मागच्या दारानं पळाले. कँटीनच्या मागे पत्र्याची शेड होती, तिच्यात आठ दिवसांचा वाईट माल कंबरेइतका साचलेला. अभंग, लावण्या, पाढे, हनुमान चालिसा, सगळ्यांचा एकच ढीग, त्यात सुटलेल्या फिती शेवयांसारख्या गुंतलेल्या. किटलीचं लेबल जांभळं होतं. मी उकिडवी बसले आणि जांभळं शोधायला लागले. जांभळं दिसलं की उचलायचं, चिठ्ठी पाहायची. ‘डबी फुटकी’. ‘लेबल वाकडं’. ‘स्क्रू नाही’. पत्र्याखाली तव्यासारखं तापलं होतं. एका फुटक्या डबीनं अंगठा कापला, तो पदरात गुंडाळला आणि उरलेल्या चार बोटांनी उकरत राहिले. मनात एकच होतं, साडेबारा.

बारा वीसला माझ्या शेजारी कोणीतरी येऊन बसलं. मंदा होती. तिनं बाह्या वर केल्या आणि ढिगात हात घातले. आम्ही दोघी बाजूबाजूला बसून उकरत होतो, तिकडे गेटवर भंगारवाल्याचा भोंगा वाजला.

मग मंदाचा हात थांबला. तिनं एक जांभळी डबी वर काढली, चिठ्ठी वाचली. ती डबी हातात धरून ती जरा वेळ तशीच बसली. मला वाटलं, ऊन लागलं हिला.

“घे,” ती म्हणाली. “पीळ.”

ऐकणीच्या खोलीत एक मोठा डेक होता, त्याला स्पीकर होते. आम्ही घामानं निथळत आत आलो तेव्हा खोलीत डबे उघडून सात-आठ जणी बसल्या होत्या. बातमी पसरलेली होतीच. खैरनार दारात उभे होते, हातात चहा.

मी कॅसेट मागे गुंडाळली. पहिली बाजू वर ठेवून आत घातली आणि बटण दाबलं.

आधी नुसती खरखर. मग काहीतरी लाकडी टकटक, कोणीतरी दोन काठ्या एकमेकींवर आपटाव्यात तशी. आणि मग गोधडीखालून, पण स्पष्ट, एका पोराचा आवाज आला.

“वन. टू. थ्री. फोर.”

आणि फोरनंतर ड्रम पडला. धाड. आधी धाड, मग विरत जाणारा घुमारा. जसं भांडं पडतं तसा.

खोलीत कोणी घास चावत नव्हतं. कौसाबाईंच्या हातातली भाकर हातातच होती. “आता एवढं तर मलाबी येतं,” त्या म्हणाल्या. “वन टू थ्री फोर. सुलट झालं की गं पोर!”

आणि सगळ्या एकदम ओरडल्या, हसल्या, कोणीतरी डब्याचं झाकण वाजवलं. मी पुन्हा मागे नेऊन लावलं. ह्या वेळी सगळ्या जणी त्या विलायती पोराबरोबर मोजत होत्या, वन, टू, थ्री, आणि फोरला कौसाबाईंनी टेबलावर थाप मारली ती ड्रमच्या बरोब्बर वर.

खैरनारांनी चहाचा ग्लास खिडकीत ठेवला. ते खाली गेले. दोन मिनिटांनी भरणीच्या यंत्रांचा आवाज एकेक करून बंद झाला. इतकी वर्षं तिथे काढून मी ती शांतता पहिल्यांदा ऐकली.

निकमांच्या खोलीतला घोळ मग कळला. आमच्या यंत्रावर दोन्ही बाजू एकदम भरल्या जात, त्यामुळे दुसऱ्या बाजूचं रीळ मुद्दाम शेवटाकडून चढवावं लागे. ह्या खेपेला विलायतेहून ते आधीच शेवटाकडून गुंडाळून आलं होतं. निकमांनी नेहमीच्या सवयीनं उलटवलं. सवयीनं केलेलं काम कधी कोणी तपासत नाही.

एक वाजता मला सबनीस साहेबांच्या केबिनमध्ये बोलावलं. मॅनेजर माणूस, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, टेबलावर ॲसिडिटीच्या गोळ्या. त्यांनी पिळाचा नग स्वतः ऐकला होता. खैरनार बाजूला उभे.

“बसा गांगुर्डे बाई. तुमचं बरोबर आहे,” सबनीस म्हणाले. “म्हणजे फार वाईट आहे, पण बरोबर आहे.”

मी बसले.

“आता एक ऐका. सोमवारी हा माल मुंबईच्या दुकानांत पाहिजे. नव्यानं भरायचा तर आठवडा जातो. घेणारी कॉलेजची पोरं. असलं संगीत ऐकतात त्यांना वाटेल, हे असंच आहे. काहींना तर जास्तच आवडेल.”

“आवडेलही साहेब,” मी म्हणाले. मला खरंच तसं वाटत होतं.

“मग?”

“पण ज्यांनी गायलंय त्यांना कळेल ना. पहिलीच कॅसेट आहे म्हणतात त्यांची. ह्या देशात पहिल्यांदा लोकांसमोर येणार, आणि आपण त्यांना पाठीनं चालवत आणणार.”

सबनीसांनी खैरनारांकडे पाहिलं. मग त्यांनी फाइल उघडली, एक चिठ्ठी काढली आणि माझ्यासमोर सरकवली. पहिल्या नगाची चिठ्ठी होती. मंगळवार, सकाळी दहा. दोन्ही बाजू पूर्ण ऐकल्या, सर्व ठीक. खाली सही, शा. द. गांगुर्डे.

मी त्या सहीतल्या ‘गां’वर बोट ठेवलं.

“हे तुमचंच नाव ना?”

“हो. माझंच.”

“पूर्ण ऐकलं होतं?”

“नाही ऐकलं.”

“मग सही कशी झाली?”

“चुकलं साहेब.”

त्यांनी चष्मा काढला. आवाजात राग नव्हता, असता तर मला सोपं गेलं असतं. “माल रद्द केला तर मुंबईच्या हेड ऑफिसला अहवाल जातो. पास करणाऱ्याचं नाव त्यात लिहावं लागतं. आणि कायम करण्याची यादी मुंबईच मंजूर करते. अजून काही झालेलं नाही. तुम्ही बाहेर जाऊन चहा घ्या, मी गाडी जाऊ देतो. परवा यादीत पहिलं नाव तुमचं आहे, मी स्वतः लिहिलंय.”

खिडकीतून खाली पॅकिंगचं दालन दिसत होतं. जांभळी खोकी छतापर्यंत रचलेली. मला माझ्या मुलीचं ‘कधी कधी’ आठवलं. मी खुर्चीचा हात धरला. मी गप्प राहिले तर कोणालाच काही कळणार नव्हतं. कोणी मरणार नव्हतं. एक बाजू उलटी वाजणार होती, बस.

“लिहा साहेब,” मी म्हणाले. “पूर्ण नाव लिहा. शालन दत्तात्रय गांगुर्डे.”

जिन्यात मंदा उभी होती. बहुतेक सगळा वेळ तिथेच होती.

“का नाही सांगितलंस?” तिनं माझं मनगट धरलं.

“काय सांगायचं होतं?”

“मंगळवारी तू इथे नव्हतीसच ते!”

नव्हते. मंगळवारी दहाला मी सातपूर गावात फोटो स्टुडिओत होते. कायम होण्याच्या अर्जाला पासपोर्ट फोटो लागत होता, संध्याकाळपर्यंत द्यायचा होता, आणि सुट्टी मागितली की रजिस्टरात लाल शेरा पडायचा. म्हणून आम्ही काही मागायचो नाही. कोणाचं पोर आजारी, कोणाच्या शाळेत बोलावणं, कोणाला नुसतंच बरं नाही, शेजारणीला सांगायचं आणि मागच्या दारानं जायचं. शेजारीण काम करायची आणि सहीसुद्धा. एकमेकींच्या सह्या आम्हाला आपल्या सहीसारख्या येत होत्या. मंदाला तर सगळ्या खोलीच्या येत. फक्त माझ्या ‘गां’वर ती टिंबाऐवजी बारीक गोल काढायची. केबिनमधल्या चिठ्ठीवर तो गोल होता.

“पहिल्या बाजूची दोन गाणी ऐकली मी,” मंदा म्हणाली. “डोकं उठलं. दोन्ही टेबलांचं काम होतं अंगावर. म्हटलं काय कळतंय आपल्याला, आणि ठोकली सही. तू सकाळी उलटं म्हणालीस तेव्हाच कळलं मला, काय झालंय ते.”

“माहीत असून ढिगात हात घातलास?”

“तू तापल्या पत्र्याखाली बसली होतीस,” ती म्हणाली. “अंगठ्यातून रक्त येत होतं. बघवेना.”

मंदानं माझं मनगट सोडलं.

“मी आत जाते. सांगते साहेबांना.”

“काय सांगशील? की शालन गेटबाहेर होती आणि मी खोटी सही केली? मग दोघींचंही काम जाईल. आता माझं एकटीचं जातंय.”

“पण जागा तुझी होती!”

“आणि मी फोटो काढायला गेले होते. मला कोणी पाठवलं होतं का? मीच सांगितलं ना तुला, सांभाळ म्हणून?” तिनं दाराकडे पाऊल टाकलं तसा मी तिचा दंड धरला. “मंदे, आत गेलीस ना, तर मी आजवर तुझ्या नावानं ठोकलेल्या सगळ्या सह्या सांगीन. चौदा आहेत. मोजल्यात मी.”

ती हसली. हसता हसता तिनं माझ्या पदरातला अंगठा उघडून पाहिला आणि म्हणाली, “धनुर्वाताचं इंजेक्शन घे.” बस एवढंच.

शनिवारी यादी लागली. ऐकणीच्या खोलीसमोर एकच नाव होतं, मंदाकिनी रघुनाथ आहेर. माझी मुदत त्याच दिवशी संपत होती आणि पुन्हा अर्ज करा असं कोणी म्हणालं नाही. कौसाबाई माझ्यासाठी यादीवर इतक्या मोठ्यानं भांडल्या की शेवटी मलाच त्यांना पाणी द्यावं लागलं. मंदा सहा वर्षं कायम होती. मग कॅसेटच कायम राहिल्या नाहीत. ते सगळं नंतरचं.

त्या शनिवारी दुपारी दीडला निकमांनी रीळ नीट चढवलं आणि किटलीचा नवा पहिला नग आला. खैरनारांनी तो माझ्यासमोर आणून ठेवला. “बाई, तुमच्या सुट्टीला दीड तास आहे,” म्हणाले. “तुम्हीच ऐकता का?” त्या माणसाला एवढंच जमत होतं आणि ते त्यानं केलं.

“मंदा ऐकेल,” मी म्हणाले. “मी बसते शेजारी.”

मी हेडफोन मधून वाकवला. एक कान तिला, एक मला, आणि दोघी डोक्याला डोकं लावून बसलो. पहिली बाजू संपायला बावीस मिनिटं लागली. मंदानं दोनदा बटणाकडे हात नेला, दोनदा मी तो हात मांडीवर ठेवला. “डोकं उठतंय,” ती म्हणाली. “उठू दे,” मी म्हणाले. कॅसेट पालटली. वन, टू, थ्री, फोर. ड्रम पडला. त्या पोरानं छातीभर हवा आत घेतली आणि गायला लागला. शब्द आम्हाला एकही कळला नाही. मधे कुठेतरी मंदाची मान सैल झाली आणि माझ्या खांद्यावर टेकली. मला वाटलं झोपली, पण ती कुजबुजली, “हे पेटीसारखं काय वाजतंय गं? बरं वाटतंय.”

शेवटचा घुमारा विरून नुसती खरखर उरली, तीही आम्ही फीत थांबेपर्यंत ऐकली. मग मी चिठ्ठी तिच्यापुढे ठेवली आणि पेन दिलं.

मंदानं तारीख लिहिली. वेळ लिहिली. दोन्ही बाजू पूर्ण ऐकल्या, सर्व ठीक, असं लिहिलं. आणि खालच्या रेघेवर पेन टेकवून थांबली. सगळ्या खोलीच्या सह्या डोळे मिटून करणारी बाई ती. स्वतःची करताना तिचा हात अडला.

“आहेर लिही,” मी म्हणाले. “हळू लिही. मला घाई नाही.”